३७ टर्की आणि बॉस्टनची उपनगरं

मार्च-एप्रिलात बॉस्टनच्या आसपास, ब्रुकलाइन किंवा केंब्रिजसारख्या वस्तीत, सकाळी हमखास दिसणारं एक दृश्य आहे. रस्त्याकडेला उभ्या असलेल्या गाडीच्या चकचकीत दारासमोर आठ-नऊ किलोचा एक नर टर्की ठाण मांडून असतो. शेपटीचा पंखा पूर्ण उघडलेला, पंख खाली सोडून जमिनीला घासत असलेले, डोकं निळं-पांढरं, मान लालभडक. तो दाराकडे रोखून बघतो, दारातला टर्की त्याच्याकडे रोखून बघतो. दोघांपैकी कोणीच मागे हटत नाही म्हटल्यावर मग टक्, टक्, टक्. गाडीचा मालक खाली येईपर्यंत रंगाचे टवके उडालेले असतात.

माझी आई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आली होती. खिडकीतून हा प्रकार पाहून म्हणाली, "पिसारा मोराचा नि डोकं गिधाडाचं. देवाने उरल्यासुरल्यातून केलाय का रे हा?" दुसऱ्या दिवशी तिने मागच्या कठड्यावर भाताचा घास ठेवला. ते प्रकरण पुढे सांगतो.

असं काही दिसलं की आपल्या तोंडी एक तयार वाक्य असतं: माणसाने जंगल तोडलं, बिचारी जनावरं जाणार कुठे? बॉस्टन ज्या राज्यात आहे त्या मॅसेच्युसेट्सच्या टर्कीच्या बाबतीत ते अर्धंच खरं आहे, आणि तो अर्धा भाग दीडशे-दोनशे वर्षांपूर्वीचा. आज फुटपाथवर फिरणारा पक्षी जंगल तुटलं म्हणून आलेला नाही. जंगल परत आलं आणि सरकारने त्याला गाडीत घालून आणून सोडलं, म्हणून तो आहे.

१६२० साली प्लिमथला उतरलेल्या इंग्रज वसाहतवाल्यांना इथे रानटर्कींचे थवेच्या थवे दिसले होते. पुढच्या दोन शतकांत शेतीसाठी आणि मेंढ्यांच्या कुरणांसाठी इथली बहुतेक झाडी साफ झाली. टर्कीचा हिवाळा निभतो तो ओक, चेस्टनट, बीच अशा झाडांच्या कडक कवचाच्या फळांवर. झाडं गेली, आणि जे पक्षी उरले त्यांच्यावर बंदुका होत्या. मोसमाची, संख्येची कसली मर्यादाच नव्हती. शेजारच्या कनेटिकटमधली टर्की १८१३ च्या सुमाराला संपली. मॅसेच्युसेट्समधली शेवटची ज्ञात टर्की १८५०-५१ च्या हिवाळ्यात माउंट टॉम या डोंगरावर मारली गेली. इथल्याच काँकर्ड गावच्या हेन्री डेव्हिड थोरो या लेखकाने १८५६ च्या मार्चमध्ये आपल्या रोजनिशीत इथून नाहीशा झालेल्या प्राण्यांची यादी केली आहे: लांडगा, अस्वल, मूस (हरणाचाच थोरला भाऊबंद), हरीण, बीव्हर (ओढ्यांवर बांध घालणारा प्राणी) आणि टर्की. आपल्या वाट्याला आलेला निसर्ग लंगडा आहे, असं त्याला वाटत होतं. त्यानंतर सात वर्षांनी, १८६३ मध्ये, अध्यक्ष लिंकन यांनी थँक्सगिव्हिंग हा टर्कीच्या मेजवानीचा सण देशभराचा म्हणून जाहीर केला. ज्या प्रांतातून तो सण निघाला, तिथे तोवर रानात एकही टर्की शिल्लक नव्हती.

मग सणाच्या ताटात काय होतं? पाळलेली टर्की. तिचे पूर्वज मेक्सिकोतले. तिथल्या लोकांनी ती फार पूर्वी माणसाळवली होती. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला स्पॅनिशांनी ती युरोपात नेली आणि तिथून वसाहतवाल्यांच्या जहाजांतून ती अटलांटिक ओलांडून पुन्हा अमेरिकेत आली. या फेऱ्यात तिच्या नावाचं जे भजं झालं त्याला तोड नाही. इंग्रजांनी तिला तुर्कस्तानची ठरवलं, तुर्कांनी 'हिंदी' म्हटलं, फ्रेंचांनीही हिंदुस्थानचीच ठरवली आणि पोर्तुगीजांनी 'पेरू' म्हटलं. (आपल्या फोडी करून तिखटमीठ लावून खायच्या पेरूशी याचा संबंध जोडू नये.) पोर्तुगीजांनी ती गोव्याला आणली. १६१२ साली जहांगीर बादशहाच्या मुकर्रब खान या सरदाराने गोव्यातून ज्या अजब चिजा विकत आणल्या, त्यांत टर्कीचा नर होता. बादशहा आपल्या आठवणींत लिहितो की हा पक्षी लांडोरीपेक्षा मोठा, मोरापेक्षा लहान. माजावर आला की मोरासारखा पिसारा फुलवून नाचतो. आणि त्याच्या डोक्या-मानेचा रंग सरड्यासारखा पालटतो, कधी पोवळ्यासारखा लाल, कधी कापसासारखा पांढरा, कधी फिरोजा. दरबारी चित्रकार मन्सूरने काढलेलं त्याचं चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. चारशे वर्षांनी आईने खिडकीतून जे पाहिलं, त्याचं वर्णन यापेक्षा नेमकं मला तरी करता येणार नाही.

इकडे न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे मॅसेच्युसेट्स आणि आसपासच्या राज्यांत, एकोणिसाव्या शतकात शेतीच उठली. १८२५ मध्ये ईरी कालवा सुरू झाला, पाठोपाठ रेल्वे आली आणि पश्चिमेकडच्या सपाट, काळ्याभोर जमिनीतलं धान्य स्वस्तात इथे येऊन पडू लागलं. खडकाळ रानात राबणाऱ्या इथल्या शेतकऱ्याला ते परवडेना. कोणी पश्चिमेला गेला, कोणी गिरणीत. पडीक वावरांत आधी पाइन उगवले, मग ओक आणि मेपल. आज राज्याचा साठ टक्क्यांच्या आसपास भाग झाडीखाली आहे. ऐन जंगलात फिरताना मध्येच कमरेएवढ्या दगडी गडग्या लागतात, सरळ रेषेत, कशालाही न राखणाऱ्या. कोणे एके काळी त्या शेताच्या बांधावर होत्या.

जंगल आपोआप आलं, टर्की येऊ शकत नव्हती. येणार कुठून, शेजारची राज्यंही रिकामीच होती. म्हणून १९११ ते १९६७ या काळात राज्यात किमान नऊ वेळा टर्की सोडून पाहिल्या गेल्या. बहुतेक खेपेला पक्षी कुक्कुटपालनासारख्या केंद्रांत वाढवलेले होते. नऊही प्रयत्न फसले. कारण आता ऐकलं तर साधं वाटतं. टर्कीचं पिल्लू काही महिने आईच्या मागे मागे फिरत शिकतं: काय खायचं, ससाणा दिसला की कसं दबून बसायचं, संध्याकाळी कोणत्या फांदीवर चढायचं. माणसाच्या हातून दाणे खाल्लेल्या पिल्लांना हे शिकवणार कोण? ती रानात सोडली की कोल्ह्याच्या तोंडी जात, नाहीतर सरळ एखाद्या शेतकऱ्याच्या खुराड्याकडे. राज्याचं वन्यजीव खातं मात्र अर्धं शतक तेच करत राहिलं.

मार्ग निघाला तो तोफजाळ्यामुळे. पाणपक्षी पकडण्यासाठी निघालेली ही युक्ती पन्नासच्या दशकात टर्कीसाठी वापरात आली. रानातल्या मोकळ्या जागी रोज मका टाकायचा. पक्षी रुळले की त्या जागेच्या कडेला मोठं जाळं घडी घालून पालापाचोळ्याखाली दडवायचं. त्याची एक कड छोट्या तोफांतल्या जड गोळ्यांना बांधलेली. झुडपाच्या आडोशाला माणूस बटण धरून तासन् तास बसतो. सगळी डोकी खाली, मक्यात गेली की बार उडतो आणि जाळं थव्यावरून पलीकडे जाऊन पडतं. मग धावायचं, कारण जाळ्याखाली टर्की स्वतःची पिसं उपटून घेते. एकेक पक्षी खोक्यात, खोकी गाडीत, आणि त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी नव्या रानात. खऱ्या रानात वाढलेला, सगळं शिकून तयार असलेला पक्षी अशा रीतीने हलवता येऊ लागला. पैशाची सोय आधीच झालेली होती: १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने शिकारीच्या बंदुका आणि काडतुसांवरचा कर वन्यजीवांच्या कामासाठी राखून ठेवला. राज्याराज्यांत देवाणघेवाणही चाले. केंटकीने मिझुरीला पाणमांजरं देऊन टर्की घेतल्या. व्हर्माँटने १९६९-७० मध्ये न्यूयॉर्कहून ३१ आणल्या, न्यू हॅम्पशरने १९७५ मध्ये २५.

मॅसेच्युसेट्सने १९७२-७३ मध्ये न्यूयॉर्क राज्यातून ३७ टर्की आणल्या आणि पश्चिम टोकाला, बर्कशर टेकड्यांतल्या बेअरटाउन अरण्यात सोडल्या. १९७८ च्या शरदापर्यंत त्यांच्या अंदाजे हजार झाल्या होत्या. १९८० मध्ये शिकारीचा मोसमही सुरू झाला. मग खात्याने बर्कशरमधूनच पक्षी पकडून राज्यात इतरत्र पसरवले. १९७९ ते १९९६ मध्ये ५६१ टर्की अशा हलवल्या. आज राज्यात तीस-पस्तीस हजार असाव्यात असा खात्याचा अंदाज आहे.

सोडणाऱ्यांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की होती: हा घनदाट, माणूस नसलेल्या जंगलाचा पक्षी. टर्कीला कोणी तसं सांगितलेलं नव्हतं. तिला हवे ओकचे जुने वृक्ष, रात्री चढून बसायला आणि खाली पडलेली फळं टिपायला. आणि पिल्लांना किडे शोधायला आखूड गवताची मोकळी जागा. न्यूटनसारख्या उपनगराचं वर्णन याहून वेगळं नाही. वर घराघरापुढे पक्ष्यांसाठी टांगलेले दाण्यांचे डबे, त्यातून सांडणारा चारा. भुसभुशीत खोल बर्फात तिला चालता येत नाही, तर इथे लोक स्वतःच पहाटे उठून रस्ते मोकळे करतात. शिवाय घरापासून ५०० फुटांच्या आत, मालकाच्या परवानगीशिवाय, शिकारीला मनाई आहे. उपनगरात घरापासून ५०० फूट म्हणजे चार दुसरी घरं. बंदुकीपासून इतकी सुरक्षित जागा तिला बेअरटाउनच्या जंगलातही नाही.

उपनगरांतली बाकीची रानटी मंडळी निरनिराळ्या वाटांनी आली. कोयोटी, म्हणजे लांडग्याची धाकटी भाऊबंद, स्वतःच्या पायांनी आली. लांडगा संपवल्यावर पश्चिमेकडून सरकत सरकत ती १९५० च्या दशकात राज्यात पोचली. दीडेकशे वर्षं गायब असलेला बीव्हर १९२८ मध्ये वेस्ट स्टॉकब्रिजला पुन्हा दिसला. १९९६ च्या जनमताने बहुतेक सापळ्यांवर बंधनं आली आणि आता त्याच्या बांधाचं पाणी लोकांच्या तळघरांत शिरतं. मैदानांवर घाण करणाऱ्या हंसबदकांची (कॅनडा गूज) गोष्ट तर आणखी मजेची. रानातली हंसबदकं जवळ यावीत म्हणून शिकारी भुलवणीसाठी जिवंत हंसबदकं पाळत. १९३० च्या दशकात त्यावर बंदी आली तेव्हा त्यांनी ती सोडून दिली. त्यांना स्थलांतर ठाऊकच नव्हतं. त्यांचे वंशज आजही कुठे जात नाहीत.

टर्कीची भानगड तिच्या समाजरचनेत आहे. थव्यात चोचीच्या जोरावर ठरलेली उतरंड असते आणि वसंतात प्रत्येक नर ती तपासून बघतो. माणसांत राहून तो माणसांनाही त्याच उतरंडीत बसवतो. तुम्ही घाबरून रस्ता बदललात की तुमची पायरी ठरली. पोस्टमन, शाळेची मुलं, म्हातारी माणसं यांच्या मागे तो लागतो ते यामुळे. २०१७ मध्ये बॉस्टनजवळच्या रँडॉल्फमधला एक व्हिडिओ जगभर फिरला: रस्त्यात मरून पडलेल्या मांजरीभोवती टर्कींचा थवा गोल गोल प्रदक्षिणा घालतोय. लोकांना त्यात अंत्यविधी दिसला. जाणकारांच्या मते त्या शत्रू मेला की नाही याची खात्री करत होत्या, आणि एकीमागून एक चालायच्या सवयीने रांगेतली पहिली शेवटचीच्या मागे लागून फेरा काही सुटेना.

आता भाताचा घास. कठड्यावर आधी एक मादी आली, चौथ्या दिवशी अकरा जणी, आणि त्यांच्यामागे तो गाडीवाला नर. शेजारच्या बाई फार सभ्यपणे येऊन सांगून गेल्या की इथे टर्कीला खायला घालत नाहीत. आईला ते पटेना. दारातल्या पाखराला घास घालू नये, हे तिने कधी ऐकलेलंच नव्हतं. मी खात्याला फोन केला, पकडून लांब कुठे सोडाल का म्हणून. नाही म्हणाले. आगाऊ टर्की दुसरीकडे नेली की ती तिथे आगाऊपणा करते, त्यामुळे आता हलवाहलवी बंद आहे. दाणे बंद करा, आणि अंगावर आला तर आरडाओरडा करा, पाण्याचा पाइप सोडा, झाडू उगारा, पण मागे सरू नका.

आईने घास बंद केला. झाडू मात्र मागच्या दाराशी उभा करून ठेवला, आणि दोन दिवसांनी तिने तो वापरला.