सायकलवाले आणि गाडीवाले : सव्वाशे वर्षांचं भांडण

२० मे १८९९ रोजी न्यूयॉर्कच्या लेक्झिंग्टन अव्हेन्यूवर जेकब जर्मन नावाच्या टॅक्सीवाल्याला अटक झाली. गुन्हा काय, तर भरधाव गाडी हाकली. टॅक्सी विजेवर चालणारी होती. वेग ताशी १२ मैल, म्हणजे जेमतेम १९ किलोमीटर. मर्यादा ८ मैलांची होती. वेगासाठी अटक झालेला अमेरिकेतला हा पहिला मोटारचालक मानला जातो. पण खरी गंमत पुढेच आहे. त्याला ज्या पोलिसाने गाठलं, तो सायकलवर होता.

आणि हे सायकलवरचं पोलीस पथक मोटारी पकडायला निघालेलंच नव्हतं. थिओडोर रूझवेल्ट १८९५ मध्ये शहराचे पोलीस आयुक्त झाले, त्या सुमारास ते उभं राहिलं, ते बेफाम सायकलस्वारांना आवरायला. हँडलवर ओणवं होऊन सुसाट सुटणाऱ्या या मंडळींना तिकडे 'स्कॉर्चर' म्हणत. घोडे बुजतात, माणसं धास्तावतात, यांना धरबंध नाही, अशा तक्रारींचा पाऊस पडे. म्हणजे रस्त्यावरचा उपद्रवी म्हणून सायकलवाल्याचं नाव झालं तेव्हा शहरात मोटारी जवळपास नव्हत्याच. आज चौकात गाडीची काच खाली करून सायकलवाल्याला जे सुनावलं जातं, ते त्याच्या पणजोबाने बग्गीवाल्याकडून ऐकून घेतलेलं आहे.

त्याही मागे जाता येतं. १८१७ मध्ये कार्ल ड्राइसने जर्मनीतल्या मानहाइममध्ये लाकडी दुचाकी चालवून दाखवली. पेडल नव्हतं, पायांनी जमीन रेटत जायचं. रस्ते गाड्यांच्या चाकोऱ्यांनी उखडलेले, म्हणून हे स्वार सरळ पदपथावर चढत. लवकरच पदपथावर बंदी आली. सायकल पदपथावर का चढते, याचं उत्तर आजही तेच आहे : खालचा रस्ता तिच्या सोयीचा नसतो.

मग सायकलने चालायचं कुठे, हा प्रश्न इंग्लंडमध्ये कोर्टात गेला. बेदरकारपणे सायकल हाकल्याबद्दल दंड झालेल्या एका स्वाराने बचाव मांडला, की कायदा गाड्यांसाठी आहे आणि माझी सायकल म्हणजे गाडी नव्हे. १८७९ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला : सायकल हीसुद्धा गाडीच. १८८८ च्या कायद्याने त्यावर शिक्कामोर्तब केलं आणि पुढच्याला ओलांडताना घंटी वाजवण्याची सक्तीही केली. स्वार हरला खरा, पण त्याच्या हरण्यातून सायकलवाल्यांच्या नावावर रस्त्याचा सातबारा चढला. गाडीला जो रस्ता, तो सायकललाही. पुढची दीडशे वर्षं सायकल संघटना हा निकाल उराशी धरून बसल्या, त्याचं कारण हे.

चांगले रस्ते मागितले तेही त्यांनीच. १८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्लीची दोन सारख्या चाकांची 'रोव्हर' आली, १८८८ मध्ये डनलॉपचा हवा भरलेला टायर आला आणि सायकल दांडगट तरुणांच्या हातून सर्वसामान्यांकडे गेली. इंग्लंडमध्ये सायकल संघटनांनी १८८६ मध्ये रस्ते सुधारणा संघ काढला. अमेरिकेत १८८० मध्ये स्थापन झालेल्या 'लीग ऑफ अमेरिकन व्हीलमेन'ने चांगल्या रस्त्यांची चळवळच उभी केली, त्यासाठी मासिक चालवलं, आमदारांच्या मागे लकडा लावला. शेतकऱ्यांना वाटे, शहरी हौशी लोकांच्या चैनीसाठी आपण पैसे का मोजायचे?

आणि मोटार जन्मली तीही सायकलच्या दुकानात. हेन्री फोर्डची १८९६ मधली पहिली गाडी सायकलच्या चाकांवर धावली. ओपेल, प्यूजो आणि रोव्हर आधी सायकली बनवत, स्कोडाचं मूळही सायकलच्या कारखान्यात आहे आणि इंग्लंडच्या विल्यम मॉरिसने सुरुवात केली ती सायकल दुरुस्तीपासून. हे भाऊबंदकीचं भांडण आहे. त्यातली पहिली ठिणगीही लवकरच पडली : ३० मे १८९६ रोजी न्यूयॉर्कमध्ये एका ड्युरिया मोटारीने सायकलवरून जाणाऱ्या बाईला धडक दिली, तिचा पाय मोडला, चालकाला रात्र कोठडीत काढावी लागली. अमेरिकेतला हा पहिला मोटार अपघात म्हणून सांगितला जातो.

पुढच्या तीस वर्षांत पारडं फिरलं. मोटारी मोजक्या होत्या तोवर मोटारवाला उपरा होता. त्या वाढल्या तसा रस्ता त्यांचा आणि बाकीचे सगळे अडथळा, असा उलटा हिशेब सुरू झाला. अमेरिकेत पायी रस्ता ओलांडणाऱ्याला 'जेवॉकर', म्हणजे गावंढळ, असं हिणवणारा शब्दच रूढ केला गेला. रस्त्यात खेळणारी पोरं, चालणारी माणसं, सायकली हे सगळे एकाएकी चुकीच्या जागी सापडू लागले.

'सायकलवाले टॅक्स भरत नाहीत' हे आज हमखास फेकलं जाणारं वाक्य. इथे थोडं थांबायला हवं, कारण नेदरलँड्समध्ये ते भरत होते. १९२४ मध्ये तिथे सायकलवर कर बसला. वर्षाला तीन गिल्डर भरले की धातूचा छोटा बिल्ला मिळे, तो सायकलवर लावायचा. बेकारांना बिल्ला फुकट, पण त्याला मधोमध भोक पाडलेलं. रस्त्याने जाणाऱ्या कोणालाही कळावं की याच्या हाताला काम नाही. या पैशांतून रस्ते झाले आणि त्यांतल्या मोटारींसाठीच्या महामार्गांवर सायकलला मज्जाव. लोकांना हा करच नको झाला होता, पण तो उठला १९४१ मध्ये, आणि उठवला कोणी, तर देश ताब्यात घेतलेल्या जर्मनांनी.

ब्रिटनची गोष्ट निराळी. मोटारींच्या करातून रस्त्यांसाठी वेगळा निधी उभा केला गेला. १९२६ मध्ये अर्थमंत्री असलेल्या चर्चिल यांनी त्यात हात घातला आणि कराचा रस्त्यांशी असलेला थेट संबंध १९३७ मध्ये संपला. तेव्हापासून तिथले रस्ते सगळ्यांच्या करातून होतात, सायकलवाल्याच्याही. 'रोड टॅक्स' हा शब्द मात्र लोकांच्या तोंडी चिकटून राहिला आणि त्याबरोबर 'रस्ता आमच्या पैशाचा' ही समजूतही. झिजेचा हिशेब मांडला तर ती आणखी लंगडी पडते. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत इलिनॉयमध्ये खास बांधलेल्या रस्त्यांवर महिनोन्महिने ट्रक फिरवून पाहिले. निघालं असं, की रस्त्याची झीज आसावरच्या वजनाच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. दीड हजार किलोची मोटार आणि स्वारासह शंभर किलोची सायकल यांच्या वजनात पंधरा पटींचा फरक, झिजेत मात्र पन्नास हजार पटींचा.

आता या भांडणातली सगळ्यात चिवट गाठ : सायकलला वेगळा मार्ग. ऐकायला सोपा तोडगा वाटतो. पण १९३४ च्या डिसेंबरात लंडनच्या वेस्टर्न अव्हेन्यूला लागून अडीच मैलांचा सायकल ट्रॅक खुला झाला, वाहतूकमंत्री लेस्ली होअर-बेलीशा स्वतः आले, तेव्हा सगळ्यात कडवा विरोध केला तो सायकल संघटनांनी. त्यांचं गणित सरळ होतं. आज ट्रॅक दिला, उद्या म्हणतील मूळ रस्त्यावर येऊच नका, आणि पन्नास वर्षांपूर्वी मिळवलेला हक्क गेला. ही भीती हवेतली नव्हती. त्याच वर्षी जर्मनीच्या नव्या वाहतूक नियमावलीने, जिथे सायकल मार्ग असेल तिथे तोच वापरायची सक्ती केली. हेतू मोटारींची वाट मोकळी करण्याचा होता. ती सरसकट सक्ती सुटायला १९९० च्या दशकाची अखेर उजाडली.

अमेरिकेत हाच वाद १९७० च्या दशकात सायकल चळवळीतले जॉन फॉरेस्टर यांनी पेटवला. सायकल ही गाडी आहे, तिने गाडीसारखंच लेनच्या मधून चालावं, वेगळे मार्ग म्हणजे सायकलवाल्याला दुय्यम ठरवणं, असं त्यांचं म्हणणं. त्यात तथ्य आहे, पण ते तीस किलोमीटरच्या वेगाने जाणाऱ्या तगड्या प्रौढापुरतं. पाठीला दप्तर लावून शाळेत निघालेल्या दहा वर्षांच्या मुलीला कोणी सांगावं, की बाई, ट्रकच्या पुढे लेनच्या मध्यावर ठाम राहा? हक्काच्या भाषेत या मुलीला जागाच नव्हती.

तिला जागा मिळाली नेदरलँड्समध्ये, आणि तीही सुखासुखी नाही. डच लोक सायकल मार्गांसकट जन्माला आले असा आपला समज असतो. प्रत्यक्षात युद्धानंतर तिथेही मोटारींसाठी रस्ते रुंद झाले, वस्त्या पाडल्या गेल्या, सायकली घटल्या. १९७१ मध्ये रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं मेली, त्यांत चारशेहून अधिक मुलं. पुढच्या वर्षी एका पत्रकाराने, ज्याची स्वतःची लहान मुलगी गाडीखाली गेली होती, 'बालहत्या थांबवा' अशा अर्थाचा मथळा देऊन लेख लिहिला. तोच मथळा चळवळीचं नाव झाला. आईबाप रस्ते अडवू लागले. माणसं सायकलींसह चौकात आडवी पडली. १९७३ च्या नोव्हेंबरात तेलसंकटामुळे सरकारने रविवारी मोटारी बंद केल्या आणि रिकाम्या महामार्गावर सायकली निघाल्या. लोकांना आपलं शहर मोटारींशिवाय कसं दिसतं ते डोळ्यांनी पाहायला मिळालं. धोरण बदललं ते त्यानंतर, तेही गल्लीगल्लीत भांडून.

कायदाही त्या दिशेने सरकला. तिथे आज मोटारीची सायकलला धडक झाली तर भरपाईची जबाबदारी बहुतांशी मोटारवाल्याच्या विम्यावर येते. चौदा वर्षांखालच्या मुलाला जवळजवळ नेहमीच पूर्ण भरपाई मिळते आणि प्रौढ स्वाराची चूक असली तरी सहसा किमान निम्मी. यावर 'म्हणजे चूक नेहमी गाडीवाल्याचीच' अशी ओरड होते, पण हा गुन्ह्याचा नव्हे, नुकसानीचा कायदा आहे. ५० च्या वेगातल्या मोटारीची गतिज ऊर्जा २०ने जाणाऱ्या सायकलच्या साधारण शंभर पट असते, जबाबदारीही त्या मानाने.

दुसरीकडची तक्रारही खोटी नाही. सायकलवाले सिग्नल तोडतात. मी दोन्ही चालवतो, त्यामुळे मला दोन्हीकडचा राग ठाऊक आहे. सायकलवर थांबणं म्हणजे पायांनी कमावलेला वेग फुकट घालवणं, मोटारीत ते काम फक्त पावलाचं असतं. अमेरिकेतल्या आयडाहो राज्याने १९८२ मध्येच हे मान्य करून सायकलस्वाराला 'थांबा'च्या पाटीपाशी बघून पुढे जायची मुभा दिली. 'मग मधून का चालतोस, कडेने जा ना' या प्रश्नालाही असंच साधं उत्तर आहे. कडेला उभ्या गाड्या असतात आणि त्यांतल्या एकीचं दार कधीही उघडतं. सायकलवाला दारापासून हातभर लांब राहतो. मागच्या गाडीतून दार दिसत नाही, दिसतो तो वाट अडवणारा माणूस.

या नजरेचं मोजमापही झालं आहे. २००६ मध्ये इंग्लंडच्या बाथ विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ इयन वॉकर सायकलला अंतर मोजणारा सेन्सर लावून फिरले आणि दोन हजारांवर गाड्या किती खेटून गेल्या याची नोंद केली. हेल्मेट घातलं की गाड्या सरासरी साडेआठ सेंटिमीटर जास्त जवळून जात. मग त्यांनी लांब केसांचा टोप चढवला. मागून बाई वाटली की अंतर वाढे. या प्रयोगात त्यांना एकदा बसने आणि एकदा ट्रकने ठोकरलं. हेल्मेटमुळे दिसलेल्या अंतराच्या फरकातून किती अर्थ काढायचा यावर नंतर संख्याशास्त्रज्ञांनी वाद घातला. २०१९ मधला ऑस्ट्रेलियातला अभ्यास मात्र अधिक अस्वस्थ करतो : माणूसपणाच्या मोजपट्टीवर सायकल न चालवणाऱ्यांपैकी ५५ टक्क्यांनी सायकलस्वारांना 'पूर्ण माणूस' या खुणेच्या खाली ठेवलं. खुद्द सायकल चालवणाऱ्यांपैकीही ३० टक्क्यांनी.

१९९२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत 'क्रिटिकल मास' सुरू झालं, शेकडो सायकली एकदम रस्त्यावर आणायच्या, म्हणजे आम्ही दिसूच. त्याने आत्मविश्वास मिळाला, शत्रूही मिळाले. २०२० च्या साथीत पॅरिससकट अनेक शहरांनी रातोरात सायकल मार्ग आखले आणि भांडण पुन्हा राजकारणात आलं. कॅनडाच्या ओंटारिओ प्रांताने २०२४ मध्ये टोरोंटोच्या मुख्य रस्त्यांवरचे सायकल मार्ग उखडण्याचा कायदा केला. पुढच्या वर्षी न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला.

अॅमस्टरडॅममध्ये तर भांडणाची बाजूच पालटली. तिथे हलक्या मोपेडींना सायकल मार्गावरून जायची परवानगी होती. त्या फार वेगाने जातात, खेटून जातात, धूर सोडतात, अशा सायकलवाल्यांच्या तक्रारी. एप्रिल २०१९ मध्ये शहराने बहुतेक भागात त्यांना मार्गावरून काढून मोटारींच्या रस्त्यावर पाठवलं आणि हेल्मेट सक्तीचं केलं. मोपेडवाले चिडले. त्यांचं म्हणणं होतं, एवढ्या मोठ्या गाड्यांच्या मध्ये आम्हाला ढकलता, आमच्या जिवाचं काय?