बर्फ वितळल्यानंतरची चॅनल कॅटफिश मासेमारी

अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागात, विशेषतः आयोवा, इलिनॉय, मिसुरी आणि नेब्रास्का या राज्यांतल्या जलाशयांवर, हिवाळी बर्फ फुटल्यापासून पाणी साधारण १० अंश सेल्सिअसपर्यंत तापेतो चालणारी गळाची मासेमारी. दक्षिण आयोवात हा काळ बहुतेक वर्षी मार्चच्या मध्यावर सुरू होतो. चॅनल कॅटफिश (इक्टॅल्युरस पंक्टेटस) हा उन्हाळी रात्रींचा मासा समजला जातो. थंड पाण्यात तो तळाशी पडून असतो आणि खात नाही, असा जुना समज आहे. तो अर्धाच खरा. थंडीत त्याचे पचन मंदावते, तो भक्ष्याच्या मागे लागत नाही. पण खाणे तोंडाशी आले तर सोडतही नाही. आणि या दिवसांत ते आयते येते.

ते खाणे म्हणजे मेलेले गिझार्ड शॅड. हा चंदेरी, हेरिंगच्या जवळचा मासा मध्यपश्चिमेतल्या जलाशयांत अफाट संख्येने असतो, पण थंडी त्याला सोसत नाही. पाणी ३–४ अंशांवर फार काळ राहिले की विशेषतः आदल्या वर्षीची पिल्ले मोठ्या प्रमाणावर मरतात. मेलेले मासे बर्फाखाली अडकून राहतात आणि बर्फ फुटला की वाऱ्याबरोबर एका काठाला लागतात. चॅनल कॅटफिशच्या मिशांवरच नव्हे, सबंध कातडीवर रुचिकलिका असतात. गढूळ पाण्यातही कुजक्या शॅडचा माग त्याला लागतो आणि तो त्या काठाला गोळा होतो.

म्हणून या मासेमारीत गळापेक्षा जागेची निवड मोठी. नेहमी दिला जाणारा सल्ला असा, की उत्तरेचा काठ धरा, कारण त्यावर दक्षिणेकडून ऊन पडते आणि तो थंड उत्तरी वाऱ्यापासून आडोशाला असतो. सल्ला चुकीचा नाही, पण मार्चमध्ये वारा बहुधा वायव्येकडून असतो आणि शॅड आग्नेय काठाला जातात. दोन्ही जमत नसेल तर ऊन सोडावे, शॅड धरावेत. दक्षिणेचा वारा सलग दोन-तीन दिवस वाहिला, तर कोमट पाणी आणि मेलेले मासे दोन्ही उत्तर काठाला येतात. असे दिवस वाया घालवू नयेत.

काठ ओळखायची खूण पक्षी. सीगल जिथे पाण्यावर घिरट्या घालतात, तिथे शॅड असतात. जवळ गेल्यावर फेसाच्या पट्ट्यात, सुक्या गवताच्या काड्यांत अडकलेले बोटभर लांबीचे पांढुरके मासे दिसतात, डोळे दुधाळ झालेले. कॅटफिश अशा जागी अर्धा ते दोन मीटर पाण्यात असतो. नवखे लोक सवयीने दूर खोल पाण्यात गळ फेकतात. मासे तेव्हा त्यांच्या पायाजवळ चरत असतात.

साधा पाण्याचा थर्मामीटर बरोबर ठेवावा. समोरासमोरच्या दोन काठांत २ अंशांचा फरक मिळाला तरी तो महत्त्वाचा. वेळ दुपारी एकपासून सूर्यास्तापर्यंतची. दिवसभराच्या उन्हाने उथळ पाणी तेव्हा सर्वांत उबदार असते. थंडीची नवी लाट आली की मासे त्याच काठासमोर थोडे खोलात सरकतात, काठ बदलत नाहीत.

आमिष शॅडचेच. उन्हाळ्यात ताजा कापलेला तुकडा चालतो. आता आंबवलेला जास्त चालतो, कारण मासे तेच खात असतात. काठावरचे शॅड गोळा करून ३ सेंमीचे तुकडे करावेत, बरणीत भरून दोन-तीन दिवस उन्हात ठेवावेत. झाकण घट्ट लावू नये, आत वायू साठून बरणी फुटते. बरणी घरात ठेवू नये हे सांगायला नको. पोटाकडचा आतड्यांसह तुकडा सर्वांत चांगला, पण तो मऊ असतो: गळ कातडीच्या बाजूने दोनदा ओवावा, बारीक लवचिक दोऱ्याने दोन वेढे द्यावेत आणि झटका न देता सावकाश फेकावे. नाहीतर आमिष एकीकडे आणि गळ दुसरीकडे जातो. बाजारातली चीजयुक्त तीव्र वासाची आमिषे या पाण्यात निरुपयोगी. थंडीत त्यांची चरबी गोठते आणि वास पसरत नाही. ती पाणी १५ अंशांच्या वर गेल्यावर काढावीत.

काठी सात फुटी, मध्यम ताकदीची. दोर १०–१५ पौंडांचा ताण सोसणारा मोनोफिलामेंट, म्हणजे एकतारी नायलॉन. मऊ तळ असेल तर दोरावर सरकते १५–३० ग्रॅमचे शिसे, खाली मणी, फिरकी आणि ३०–४५ सेंमीचा पुढचा दोर, त्याला २/० ते ४/० मापाचा सर्कल गळ (टोक आत वळलेला गोलसर गळ). दगडी बांधाशी मात्र हे शिसे फटींत अडकून दर फेकीला तुटते. तिथे सरकता फ्लोट लावून आमिष तळापासून वीतभर वर ठेवावे. गळाचे टोक पूर्ण उघडे असले पाहिजे; टोकावर शॅडचा एखादा खवला जरी बसला तरी मासा निसटतो. आमिषाने गळाचे टोक आणि दांडी यांमधली मोकळी जागा भरून गेली तरी तेच होते.

थंड पाण्यातली ओढ हलकी असते. काठीचे टोक दोनदा थरथरते आणि मग हळूच वाकून तसेच राहते. सर्कल गळाला झटका द्यायचा नाही. काठी धरून रीळ संथपणे गुंडाळत न्यायचे, गळ जबड्याच्या कोपऱ्यात आपोआप बसतो. झटका देणाऱ्यांच्या हाती रिकामा गळ येतो. एका जागी २०–३० मिनिटे काही लागले नाही तर ५० मीटर पुढे सरकावे. मासे विखुरलेले नसतात, झुंडीत असतात.

मासा धरताना पाठीवरच्या आणि छातीच्या परांतले काटे सांभाळावेत. लहान मासे जास्त त्रास देतात, कारण त्यांचे काटे अणकुचीदार असतात. कोकणात शिंगाळा हाताळणाऱ्यांना ही जखम आणि तिची ठणक परिचित आहे. हात छातीच्या काट्यांमागून पोटाखाली घालावा.

नद्यांवर गणित वेगळे. तिथे मासे हिवाळ्यात खोल डोहांत दाटीने राहतात आणि पाणी ७–१० अंशांवर गेल्यावर प्रवाहाच्या वरच्या अंगाला निघतात. तोवर डोहाच्या तळालाच आमिष ठेवावे.

उरलेल्या बर्फावर पाऊल ठेवू नये. या दिवसांत जाडीवरून त्याची ताकद कळत नाही. ५ अंशांच्या पाण्यात पडलेल्याचा पहिल्याच मिनिटात श्वासावरचा ताबा सुटतो, म्हणून होडीत जीवरक्षक जाकीट अंगात हवे, फळीखाली नव्हे. दरडोई माशांची मर्यादा आणि गळांची संख्या राज्याराज्यांत वेगळी असते. २००५ मध्ये ग्रेट लेक्समध्ये व्हायरल हेमोऱ्हॅजिक सेप्टिसेमिया हा माशांचा रोग आढळल्यापासून अनेक राज्यांनी मेलेले आमिष-मासेसुद्धा एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात नेण्यावर बंधने घातली आहेत. शॅड ज्या जलाशयातून घेतले तिथेच वापरावेत.

खाण्यासाठी दीड-दोन किलोचा मासा उत्तम. खवले नसल्याने कातडी चिमट्याने सोलतात. अंगाच्या बाजूने जाणाऱ्या रेषेलगतची गडद लाल मांसपट्टी काढून टाकावी, उग्र चव तिचीच असते. मग मक्याच्या पिठात घोळवून तळतात.