गोव्यातील धर्मादाय संस्थांचे आर्थिक उत्तरदायित्व

धर्मादाय संस्थेच्या खात्यातला पैसा तिच्या चालकांचा नसतो. देणाऱ्याने तो ठरावीक कामासाठी दिलेला असतो, आणि ज्याच्यासाठी दिला तो बहुधा संस्थेच्या सभेला हजर नसतो. तो पैसा कुठून आला, कशावर गेला आणि उरला तो कुठे ठेवला, हे सांगण्याची चालकांची बांधिलकी म्हणजे आर्थिक उत्तरदायित्व. ते निभावण्यासाठी हिशेब संबंधितांना पाहता येईल, कळेल आणि तपासता येईल अशा रीतीने खुला ठेवणे म्हणजे पारदर्शकता.

गोव्यात देवस्थाने, चर्चच्या कोंफ्रारी (भाविकांची बंधुमंडळे), शिक्षणसंस्था, वाचनालये, वृद्धाश्रम, प्राण्यांची आसरागृहे, नाट्यमंडळे आणि सार्वजनिक गणेशोत्सव मंडळे लोकांच्या पैशावर चालतात. त्यांना लागू होणारे नियम मात्र एकाच कायद्यात सापडत नाहीत. महाराष्ट्रात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली धर्मादाय आयुक्तांचे कार्यालय आहे. न्यासांची नोंदणी, विश्वस्तांमधील बदल, लेखापरीक्षित हिशेब आणि स्थावर मालमत्तेची विक्री हे सारे तिथे एका छताखाली येते. गोवा डिसेंबर १९६१ मध्ये मुक्त झाला आणि त्याची कायद्यांची घडण वेगळ्या वाटेने झाली. गोव्यात धर्मादाय आयुक्त नाही. त्यामुळे इथे हिशेब विचारण्याचे काम बरेचसे सभासद, महाजन (देवस्थानाचे नोंदलेले, वंशपरंपरेने हक्क असलेले सभासद), देणगीदार आणि न्यायालय यांच्यावर येऊन पडते. या नोंदीतला पुढचा बहुतेक भाग याच एका वस्तुस्थितीभोवती फिरतो.

जुनी व्यवस्था

हिशेब देण्याची रीत गोव्याला नवी नाही. लिस्बनमध्ये १४९८ साली स्थापन झालेल्या मिझेरिकॉर्दिया या दानधर्म संस्थेची शाखा सोळाव्या शतकाच्या आरंभीच गोव्यात आली. आजारी, कैदी, विधवा आणि अनाथ यांची सोय ती पाहत असे. आशियात मरण पावलेल्या पोर्तुगीजांची मालमत्ता सांभाळून त्यांच्या वारसांपर्यंत पोहोचवण्याचे कामही तिच्याकडे होते. हजारो मैलांवरच्या वारसाला स्वतः येऊन वही उघडून पाहणे शक्य नव्हते, म्हणून संस्थेच्या लिखापढीवरच सारा भरवसा होता. तिचे प्रमुख २ जुलैच्या सणाला दर वर्षी नव्याने निवडले जात. चालक बदलला की हिशेब नव्या माणसाच्या हाती द्यावाच लागतो. खांदेपालटाची ही शिस्त आजच्या कित्येक संस्थांनी मनावर घेण्याजोगी आहे.

हिंदू देवस्थानांसाठी पोर्तुगीज सरकारने १८८६ साली महाजनीचे नियम केले आणि १९३३ साली त्यांची जागा सुधारित नियमांनी घेतली. मुक्तीनंतरही देवस्थानांचा कारभार याच चौकटीत चालतो. नोंद असलेले महाजन दर तीन वर्षांनी समिती निवडतात. अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि देवस्थानच्या वतीने कोर्टकचेरी पाहणारा मुखत्यार, ही पदे गोव्यात सर्वांच्या परिचयाची आहेत. तालुक्याचा मामलेदार हा देवस्थानांचा प्रशासक असतो. अंदाजपत्रक आणि हिशेब त्याच्यासमोर मांडावे लागतात, निवडणुकीचे तंटेही आधी त्याच्याकडेच जातात.

या व्यवस्थेचा बळकट भाग असा की खर्च करण्याआधी अंदाजपत्रक मांडण्याची सवय तिने लावली. साध्या नोंदणीकृत सोसायटीवर कायद्याने तेवढेही बंधन नाही. कमकुवत भाग असा की हिशेब विचारण्याचा हक्क महाजनांपुरताच राहिला. जत्रेला येणारा कुळावी, म्हणजे ज्याचे ते कुलदैवत आहे असा भाविक, दानपेटीत पैसे घालतो, पालखीच्या वेळी पावणीत (देवाला वाहिलेल्या वस्तूंच्या लिलावात) नारळ किंवा केळीचा घड चढ्या बोलीने घेतो, नवस फेडतो. देवस्थानच्या उत्पन्नात त्याचा वाटा मोठा असतो, पण महाजनांच्या यादीत नाव नसल्याने सभेत त्याला मत नसते. गोव्यात देवस्थानांच्या कारभारावरून होणाऱ्या वादांच्या मुळाशी अनेकदा हीच विसंगती असते. निवडीचा हक्क कोणाला द्यावा यावर मतभेद राहतील. वार्षिक जमाखर्च देवळाच्या सभामंडपात लावण्यास मात्र आजच्या नियमांतही कसली आडकाठी नाही.

चर्चच्या बाजूला फाब्रिका (चर्चची मालमत्ता सांभाळणारी समिती) आणि कोंफ्रारी पैशांचा व्यवहार पाहतात. १९८३ च्या चर्च कायदासंहितेनुसार प्रत्येक पॅरिशमध्ये (एका चर्चच्या धर्मग्रामात) अर्थविषयक समिती असणे बंधनकारक आहे (कलम ५३७). भाविकांनी दिलेल्या दानाचा हिशेब भाविकांनाच दिला पाहिजे, असेही तीच संहिता सांगते (कलम १२८७).

नोंदणी आणि एक रुपयाचा हक्क

गोव्यातील बहुसंख्य सामाजिक व सांस्कृतिक संस्था १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेल्या आहेत. किमान सात माणसे, एक उद्देशपत्रिका आणि नियमावली एवढ्यावर संस्था उभी राहते. मूळ कायद्याच्या कलम ४ नुसार वार्षिक सभेनंतर १४ दिवसांच्या आत कार्यकारिणीची यादी निबंधकाकडे द्यायची असते. नियमावलीत सभेची तरतूदच नसेल तर ही यादी जानेवारीत द्यायची. मूळ कायदा मागतो ती नावे, पत्ते आणि व्यवसाय. जमाखर्चाचा त्यात उल्लेख नाही. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी साहित्य-विज्ञान मंडळांसाठी केलेला हा कायदा आज कोट्यवधींची उलाढाल असणाऱ्या संस्थांनाही पुरतो असे मानले जाते, हे खटकण्याजोगे आहे.

त्याच कायद्याचे कलम १९ मात्र फार थोड्यांना माहीत असते. निबंधकाकडे दाखल झालेली कागदपत्रे कोणीही, सभासद नसला तरी, पाहू शकतो. मूळ कायद्यात त्यासाठीचे शुल्क एक रुपया आहे. देणगी देण्याआधी एकदा निबंधक कार्यालयात जाऊन फाईल पाहिली तर संस्था जिवंत आहे की कागदोपत्रीच उरली आहे, हे कळते. यादी किती वर्षे दाखल झालेली नाही, तीच नावे किती काळ चालू आहेत आणि पदाधिकाऱ्यांत एकाच घरातले किती जण आहेत, एवढे पाहिले तरी बरेच उलगडते.

गैरव्यवहाराची शंका असेल तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९२ चा मार्ग आहे. सार्वजनिक न्यासात हितसंबंध असलेल्या दोन किंवा अधिक व्यक्ती न्यायालयाच्या परवानगीने दावा लावू शकतात. विश्वस्ताला दूर करणे, नवा नेमणे आणि हिशेब सादर करायला लावणे अशा मागण्या त्यात करता येतात. हा मार्ग खर्चाचा आणि लांबचा आहे, म्हणून तिथवर पोहोचणारे थोडे.

आयकर खात्याची नजर

धर्मादाय आयुक्त नसलेल्या राज्यात नियमित तपासणीचे काम प्रत्यक्षात आयकर कायदा करतो. करसवलत हवी असलेल्या संस्थेने त्या वर्षीच्या उत्पन्नाचा किमान ८५ टक्के भाग उद्दिष्टांवर खर्च करायचा असतो. तेवढा खर्च झाला नाही, तर विहित पद्धतीने कळवून तो पुढील कामासाठी राखून ठेवावा लागतो. १ एप्रिल २०२१ पासून जुन्या कायमस्वरूपी नोंदण्या संपल्या आणि पाच वर्षांनी नूतनीकरण सुरू झाले. २०२५ पासून लहान संस्थांना दहा वर्षांची मुदत मिळू लागली. १९६१ च्या कायद्याच्या जागी १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा आयकर कायदा लागू झाल्याने कलमांचे क्रमांक बदलले, पण देणगीवरच्या करवजावटीला लोकांच्या तोंडी जुन्या कलमाचे ‘८०जी’ हेच नाव आहे.

देणगीदाराच्या दृष्टीने दोन गोष्टी महत्त्वाच्या. २,००० रुपयांहून अधिक रोख देणगीवर करवजावट मिळत नाही. आणि २०२१-२२ पासून नुसती छापील पावती वजावटीसाठी पुरत नाही. संस्थेने देणगीदाराचे नाव आणि पॅन किंवा आधार क्रमांकासह तपशील खात्याला कळवायचा आणि त्यातून तयार होणारे प्रमाणपत्र देणगीदाराला द्यायचे, अशी रीत पडली. पावती पुस्तकाची दुसरी प्रत जपून ठेवणारे खजिनदार याला कटकट म्हणतात, पण या एका नियमाने खोट्या पावत्यांचा धंदा बराच अवघड केला आहे.

निनावी दानाचा नियमही समजून घ्यावा लागतो. निव्वळ धार्मिक संस्थेच्या दानपेटीतल्या निनावी पैशावर कर नाही. धर्मादाय संस्थेला मात्र एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा एक लाख रुपये, यांपैकी जी रक्कम मोठी तिच्यापलीकडच्या निनावी देणगीवर ३० टक्के कर बसतो. देवस्थानने शाळा किंवा रुग्णालय चालवले आणि त्याच नावाने पेटी ठेवली, तर हा फरक अचानक अंगावर येतो.

परदेशी पैसा आणि गोव्याचा खास पेच

परकीय योगदान नियमन कायदा, २०१० नुसार परदेशी देणगी घेण्यासाठी गृह मंत्रालयाची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर असे सर्व पैसे आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतल्या खात्यात यावे लागतात. प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली आणि हे पैसे दुसऱ्या संस्थेकडे वळते करणे बंद झाले. मोठ्या संस्थेने परदेशातून निधी आणावा आणि गावोगावच्या लहान मंडळांना वाटावा, ही पद्धत त्यामुळे थांबली. पारदर्शकतेच्या नावाखाली झालेल्या या बदलाने लहान, प्रामाणिक संस्थांचेच अधिक नुकसान झाले आहे.

गोव्यात या कायद्याला एक वेगळीच बाजू आहे. इथल्या पुष्कळ कुटुंबांतील माणसे पोर्तुगीज नागरिकत्व घेऊन लंडन, स्विंडन किंवा लिस्बनला स्थायिक झाली आहेत. गावच्या फेस्ताला, देवळाच्या जीर्णोद्धाराला, जुन्या शाळेला ती आपुलकीने पैसे पाठवतात. आखातात काम करणाऱ्या भारतीय पासपोर्टधारकाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परकीय ठरत नाही. त्याच्याच सख्ख्या भावाने पोर्तुगीज पासपोर्टवर दिलेली देणगी मात्र परकीय ठरते, मग तो चतुर्थीला घरी आलेला असो, ओसीआय कार्डधारक (भारतीय वंशाचा परदेशी नागरिक) असो आणि पैसे रुपयांत हातावर ठेवो. समुद्रकिनाऱ्यावरच्या कुत्र्यांच्या आसरागृहाला परदेशी पर्यटकाने दिलेल्या नोटाही याच वर्गात मोडतात. नोंदणी नसलेल्या मंडळाने अशी देणगी घेतली तर हेतू कितीही स्वच्छ असला तरी कायदा मोडतो. वर्गणी घेताना आडनावावरून आणि ओळखीवरून माणूस आपला ठरवण्याची गावची रीत इथे उपयोगी पडत नाही. नागरिकत्व विचारावेच लागते, आणि ते विचारणे अवघड वाटते. म्हणूनच हा प्रश्न आमसभेत उघडपणे मांडून पावतीच्या नमुन्यातच नागरिकत्वाचा रकाना ठेवणे सोपे पडते.

अनुदान आणि माहितीचा अधिकार

सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थेला विनियोग प्रमाणपत्र द्यावे लागते, म्हणजे दिलेली रक्कम दिलेल्या कामावरच खर्च झाली असे लेखी द्यावे लागते. ते दिल्याशिवाय पुढचा हप्ता मिळत नाही, म्हणून निदान अनुदानाचे हिशेब तरी वेळेवर होतात.

माहितीच्या अधिकाराबाबत गोवा देशाच्या पुढे होता. केंद्राचा कायदा २००५ साली आला, गोव्याने स्वतःचा कायदा १९९७ मध्येच केला होता. सरकारकडून भरीव अर्थसाहाय्य मिळवणारी बिगरसरकारी संस्था माहिती अधिकाराच्या कक्षेत येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली डीएव्ही कॉलेज ट्रस्टच्या प्रकरणात दिला. साहाय्य निम्म्याहून अधिक असलेच पाहिजे असे नाही, आणि फुकट किंवा नाममात्र दराने दिलेली सरकारी जमीनही भरीव साहाय्य ठरू शकते, असे त्यात म्हटले आहे. जमिनीचे भाव गगनाला भिडलेल्या गोव्यात सरकारी भूखंडावर उभ्या असलेल्या संस्थांनी हा निर्णय नीट वाचायला हवा.

आमसभेतला हिशेब

कायद्याने मागितलेला हिशेब वर, कचेरीकडे जातो. खाली, वर्गणी देणाऱ्यापर्यंत तो आमसभेतूनच येतो. आणि गोव्यातल्या आमसभांचा सर्वसाधारण अनुभव असा की गणसंख्या भरत नाही, अर्ध्या तासाने त्याच जागी तहकूब सभा होते, खजिनदार एकूण जमा आणि एकूण खर्च असे दोन आकडे वाचतो, ‘मंजूर, मंजूर’ होते आणि चहा येतो. ताळेबंद सभासदांना आधी मिळालेला नसतो. मिळाला तरी तो इंग्रजीत असतो आणि सभा मराठीत किंवा कोंकणीत चालते. जिथे सभेच्या आठवडाभर आधी मराठीतून साधा जमाखर्च वाटला जातो, तिथे प्रश्न येतात आणि सभा लांबते. ती लांबणेच हवे असते.

पाहण्यासारख्या जागा थोड्याच आहेत. तसलमात (खर्चासाठी आगाऊ उचल) म्हणून कार्यकर्त्यांना दिलेली रक्कम वर्षअखेर थकीत आहे का? कायम निधीला चालू खर्चासाठी हात लागला आहे का? इमारत निधीच्या नावाने घेतलेले पैसे त्याच नावाच्या ठेवीत दिसतात का? मंडपवाला, छपाईवाला, ठेकेदार यांपैकी कोणी पदाधिकाऱ्याचा नातलग असेल, तर कामाआधी तीन दरपत्रके मागवली होती का? लेखापरीक्षकाचा अहवाल सहीपुरता आहे की त्यात शेरे आहेत? शेरा असणे हे वाईट लक्षण नव्हे. वर्षानुवर्षे एकही शेरा नसणे अधिक काळजीचे, विशेषतः लेखापरीक्षक खजिनदाराचाच मित्र असेल तर.

चोरी हा यातला लहान भाग आहे. अधिक नुकसान होते ते एकाच विश्वासू माणसावर सारे सोपवल्याने. वीस वर्षे तोच खजिनदार, वह्या त्याच्या घरी, पासबुक त्याच्या कपाटात. तो प्रामाणिकच असतो. पण तो आजारी पडला की संस्थेचा श्वास अडकतो, आणि त्याच्यावर संशय घेतला गेला तर निर्दोष असल्याचा पुरावा त्याच्याजवळही नसतो. दोन सह्या, दर तिमाहीला कार्यकारिणीपुढे बँकेचे विवरण आणि ठरावीक मुदतीनंतर पदबदल या गोष्टी पैशाइतक्याच त्या माणसाचेही रक्षण करतात.

संस्था बंद पडते तेव्हा

१८६० च्या कायद्यानुसार सभासदांच्या तीन पंचमांश मतांनी सोसायटी विसर्जित करता येते (कलम १३). देणी भागवून उरलेली मालमत्ता सभासदांना वाटून घेता येत नाही, ती दुसऱ्या संस्थेकडे जाते (कलम १४). गोव्यात मात्र औपचारिक विसर्जन क्वचितच होते. तरुण परगावी जातात, जुने चालक वारतात, वाचनालयाला किंवा नाट्यमंडळाला कुलूप लागते आणि बँकेतली ठेव तशीच राहते. दहा वर्षे व्यवहार नसलेले पैसे २०१४ च्या योजनेनुसार रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागृती निधीत जमा होतात. ते बुडत नाहीत. संस्थेने नवी कार्यकारिणी निवडून, यादी निबंधकाकडे दाखल करून, ठरावासह बँकेकडे मागणी केली तर परत मिळतात. त्यासाठी जुने इतिवृत्त, नोंदणीचा दाखला आणि सह्यांचा अधिकार दाखवणारा ठराव हाताशी लागतो. म्हणून बंद पडलेल्या संस्थेचे दफ्तर कोणाच्या ताब्यात आहे याची नोंद ग्रामपंचायतीत किंवा गावच्या चालू संस्थेत करून ठेवणे अगत्याचे आहे.