पार्श्वभूमी: रिसेप्टर, अरेस्टिन आणि आठ विरुद्ध सात मते

संध्याकाळी रंकाळ्यावर फिरायला येणाऱ्या ज्येष्ठांच्या खिशात सॅल्ब्युटॅमॉलचा पंप नाहीतर मेटोप्रोलॉलची पट्टी सहज सापडेल. पंप दम्यावर, गोळी रक्तदाबावर आणि हृदयासाठी. दोन्ही औषधांचे काम एकाच कुळातल्या रिसेप्टरांवर, म्हणजे पेशीवर बसून बाहेरचा संदेश आत पोहोचवणाऱ्या प्रथिनांवर, चालते. पंप श्वासनलिकेतल्या बीटा-२ ला चेतवतो, गोळी हृदयातल्या बीटा-१ ला आवरते. ही औषधे बाजारात आली १९६० आणि १९७० च्या दशकांत. तोवर तो रिसेप्टर पेशीतून वेगळा काढणे कुणालाच जमले नव्हते.

या रिसेप्टरांची अल्फा आणि बीटा ही विभागणी १९४८ ची. तो शोधनिबंध औषधशास्त्राच्या नियतकालिकाने नाकारला आणि शेवटी शरीरक्रियाशास्त्राच्या नियतकालिकात छापून आला. ज्याने ही विभागणी मांडली, तो रेमंड अ‍ॅल्क्विस्ट स्वतःसुद्धा पुढे कितीतरी वर्षे रिसेप्टरला वस्तू न मानता सोयीची कल्पनाच मानत होता. पुरावाही तसाच, आडून मिळालेला. कोल्हापूर परिसरातल्या फार्मसी कॉलेजांत शिकलेल्या जुन्या पिढीने तो हाताने गिरवला आहे: कोंबडीच्या आतड्याचा तुकडा कोमट द्रावणात टांगायचा, आतडे आवळणाऱ्या अ‍ॅसिटिलकोलीनचा डोस वाढवत न्यायचा आणि काजळी धरलेल्या ड्रमवर लेखणी किती उंच चढते ते बघायचे. मग त्याला अडवणारे अ‍ॅट्रोपीन घालून पुन्हा तेच. आलेख उजवीकडे सरकला की दोन्ही रेणू एकाच जागेसाठी भांडतात, असे वहीत लिहायचे. (एप्रनवरची काजळी मात्र वर्षभर निघत नसे.) आता हे सगळे संगणकाच्या पडद्यावर उरकते.

या कल्पनेला वस्तूचे रूप देण्यात ज्याची कारकीर्द गेली, तो न्यूयॉर्कचा डॉक्टर, रॉबर्ट लेफ्कोविट्झ, संशोधनाच्या ओढीने इकडे वळलेला नव्हता. व्हिएतनाम युद्धाच्या काळात डॉक्टरांनाही सक्तीची भरती होती; १९६८ मध्ये सरकारी संशोधन संस्थेतली नोकरी म्हणजे ती सेवा बजावण्याचा एक मार्ग. तिथे त्याने संप्रेरकाला किरणोत्सारी आयोडीन जोडून ते पेशीपटलावर कुठे बसते ते मोजायला घेतले. बरेच दिवस हाती काही लागले नाही; निकाल छापून आले ते १९७० मध्ये. १९७३ पासून मुक्काम नॉर्थ कॅरोलिनात आणि लक्ष बीटा रिसेप्टरवर. १९८६ मध्ये या रिसेप्टरच्या जनुकाची रचना उलगडली, तेव्हा तो डोळ्यात प्रकाश टिपणाऱ्या रोडॉप्सिन या प्रथिनाचा भाऊबंद निघाला. माणसात या कुळाची सुमारे ८०० जनुके आहेत आणि वापरातली जवळपास एक तृतीयांश औषधे याच कुळावर चालतात. २०१२ चे रसायनशास्त्राचे नोबेल लेफ्कोविट्झ आणि पूर्वी त्याच्या प्रयोगशाळेत काम केलेला ब्रायन कोबिल्का यांना विभागून मिळाले.

वाद आहे तो रिसेप्टर बंद कसा होतो यावरून पुढे गेलेल्या कामाचा. चेतवलेल्या रिसेप्टरवर किनेज नावाचे एक विकर फॉस्फेट चढवते, त्यावर बीटा-अरेस्टिन हे प्रथिन येऊन बसते, रिसेप्टरचा संदेश पेशीत पुढे नेणाऱ्या जी-प्रोटीनचा रस्ता बंद होतो आणि रिसेप्टर पेशीच्या आत ओढला जातो. पंप ऊठसूट ओढत राहिले की त्याचा गुण उतरतो, त्यामागे हेही एक कारण. इथवर कुणाची हरकत नाही. नंतर दिसले की अरेस्टिन स्वतःही संदेश पुढे धाडते. मग विचार निघाला, जी-प्रोटीन आणि अरेस्टिन यांपैकी एकच रस्ता उघडणारे औषध केले तर?

मॉर्फिनचा रिसेप्टरही याच कुळातला. १९९९ मध्ये अरेस्टिन नसलेल्या उंदरांत मॉर्फिनने वेदना जास्त शमल्या. २००५ मध्ये त्यांचा श्वासही कमी मंदावल्याचे प्रसिद्ध झाले. याच विचारावर, या शास्त्रज्ञाच्या सहभागातून, एक कंपनी उभी राहिली. तिचे हृदयविकारावरचे औषध २०१६ मध्ये चाचणीत पडले. तिचे वेदनाशामक ऑलिसेरिडिन मात्र मंजुरीच्या दारापर्यंत पोहोचले. ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकी नियामकाच्या सल्लागार समितीत मतदान झाले, सात बाजूने, आठ विरोधात. नियामकाने मंजुरी रोखली आणि हृदयाच्या ठोक्यावरील परिणामाची जादा माहिती मागितली. ऑगस्ट २०२० मध्ये तेच औषध मंजूर झाले.

त्याच वर्षी तीन वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी मिळून कळवले की अरेस्टिन नसलेल्या उंदरांचाही श्वास मॉर्फिनने तितकाच मंदावतो. म्हणजे पायाच हलला. ही औषधे थोडी सौम्य वाटत असतील, तर ती रिसेप्टरला मुळातच कमी चेतवतात म्हणून, असे दुसरे स्पष्टीकरण पुढे आले आणि ते जास्त पटते. अरेस्टिनचा शोध याने खोटा ठरत नाही; पण उंदरांवरचे निष्कर्ष पडताळून घेण्याआधीच त्यावर औषध उभे करण्याची घाई झाली, हे म्हणावेच लागते.

मंजुरी मिळाली ती फक्त रुग्णालयासारख्या देखरेखीच्या जागी, प्रौढांना शिरेतून देण्यासाठी. दिवसाची मर्यादा २७ मिलिग्रॅम, कारण त्यापुढे हृदयाच्या ठोक्याची हमी देता येत नव्हती. आणि श्वास मंदावण्याचा चौकटीतला इशारा मॉर्फिनच्या माहितीपत्रकावर असतो तसाच याच्याही माहितीपत्रकावर छापलेला आहे.