झेंडू: मेक्सिकोच्या मळ्यातून दसऱ्याच्या तोरणात

पुराणात झेंडूची कथा नाही. केतकीला शंकराचा शाप आहे, पारिजातकावरून सत्यभामा रुसली, जास्वंद गणपतीची आणि कमळ लक्ष्मीचे. झेंडू कोणा एका देवाच्या नावावर नाही, तरीही तो सगळ्यांना चालतो. खंडोबाच्या भंडाऱ्याशेजारी तो असतो, विठ्ठलाच्या गळ्यात असतो, खंडेनवमीला अवजारांवर असतो. दसऱ्याच्या सकाळी रिक्षाच्या काचेपासून कारखान्यातल्या लेथपर्यंत सगळीकडे तोच दिसतो. इतका मान असलेल्या फुलाला एकही आख्यायिका नसावी, याचे कारण साधे आहे. त्या कथा रचल्या गेल्या तेव्हा झेंडू भारतात नव्हता. जुन्या संस्कृत काव्यात अशोक, बकुळ, कदंब, मालती, केतकी पानोपानी भेटतात, झेंडू भेटत नाही.

तो मूळचा अमेरिका खंडातला. टॅजेटिस या त्याच्या कुळीत सुमारे ५० जाती आहेत. त्या दक्षिण अमेरिकेपर्यंत पसरलेल्या असल्या, तरी त्यांचे मोठे माहेर मेक्सिकोच आहे. तिथे या फुलाला सेंपासुचिल म्हणतात. स्पॅनिश लोक येण्याआधी अ‍ॅझ्टेक समाजात ते देवपूजेत, सणात आणि औषधात होते. त्याच कुळीतल्या याउत्ली नावाच्या सुगंधी जातीचा धूप जाळत. बळी द्यायच्या कैद्यांच्या तोंडावर याउत्लीची पूड उधळत, असे १६व्या शतकातल्या बेर्नार्दिनो दे साआगून या स्पॅनिश धर्मोपदेशकाने लिहून ठेवले आहे. हे वाचताना अंगावर काटा येतो, पण या फुलाचा मृत्यूशी असलेला संबंध किती जुना आहे, हेही त्यातून कळते.

तो संबंध आजही टिकून आहे. १ आणि २ नोव्हेंबरला मेक्सिकोत मृतांचा सण असतो. घरोघरी गेलेल्यांच्या तसबिरी मांडतात, त्यांच्या आवडीचे पदार्थ ठेवतात आणि दारापासून त्या मांडणीपर्यंत झेंडूच्या पाकळ्यांची वाट घालतात. त्या रंगाने आणि उग्र वासाने आत्म्यांना घरचा रस्ता सापडतो, अशी श्रद्धा आहे. आपल्याकडे झेंडूच्या वासाला नाके मुरडणारे पुष्कळ आहेत, तिकडे नेमका तोच वास हवा असतो. कॅथलिक धर्म आला, तारखा चर्चच्या दिनदर्शिकेला जुळवल्या गेल्या, पण फूल बदलले नाही. २००८मध्ये युनेस्कोने या सणाची मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत नोंद केली.

अ‍ॅझ्टेकांची राजधानी १५२१मध्ये पडली. त्यानंतर अवघ्या २१ वर्षांनी, म्हणजे १५४२मध्ये, लिओनहार्ट फुक्स या जर्मन वैद्याच्या वनस्पतिग्रंथात झेंडूचे चित्र छापले गेले. इतक्या लवकर ते बी मेक्सिकोतून युरोपातल्या बागांत पोहोचले होते. फुक्सने मात्र त्याला ‘इंडिका’, म्हणजे हिंदुस्थानातला, असे नाव दिले. त्याच पुस्तकात मिरचीलाही त्याने कालिकतची मिरी म्हटले आहे. नव्या जगाला तेव्हा ‘इंडीज’च म्हणत, त्यामुळे तिकडून आलेल्या वनस्पती कुठल्या हे युरोपाला कळत नव्हते. पुढे गोंधळ आणखी वाढला. सम्राट पाचव्या चार्ल्सच्या सैन्याने १५३५मध्ये ट्यूनिस घेतले, त्या भागातून हे फूल आले असा समज पसरला आणि उंच, गोंडेदार झेंडूला ‘आफ्रिकन’ हे विशेषण चिकटले. बुटका, लालसर जो आपण मखमल म्हणून ओळखतो, तो ‘फ्रेंच’ झाला. बियाण्याच्या पाकिटांवर ही दोन्ही नावे आजही छापली जातात, आणि दोन्ही झेंडू मेक्सिकोचेच आहेत. वनस्पतींना शास्त्रीय नावे देणाऱ्या लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५३मध्ये त्यांना दिलेली नावे टॅजेटिस इरेक्टा आणि टॅजेटिस पॅट्युला.

भारताकडे तो पोर्तुगीजांमार्फत आला असे मानतात. १५१०मध्ये गोवा पोर्तुगीजांच्या हातात गेला आणि पुढच्या काळात मिरची, काजू, अननस, पेरू, सीताफळ, तंबाखू असे अमेरिकेचे पीकच्या पीक आपल्या किनाऱ्यावर उतरले. फुलेही आली. देवळाच्या आवारात असतो तो देवचाफा आणि लग्नाच्या हारात असतो तो निशिगंध, हे दोघेही त्याच भागातून आलेले. देवपूजेच्या परडीतून मेक्सिकोकडची फुले काढून टाकली, तर ती बरीच रिकामी होईल. मला यात कमीपणा वाटत नाही. ज्या समाजाने मिरचीशिवाय ठेच्याची कल्पना अशक्य करून टाकली, त्यानेच झेंडूशिवाय दसरा अशक्य केला. बाहेरून आलेली वस्तू इतकी आपली करून घेणे हे संस्कृतीच्या जिवंतपणाचे लक्षण आहे.

पण आलेले प्रत्येक झाड असे रुजत नाही. झेंडू रुजला, आणि तोही नेमका दसऱ्यात, यामागे भूगोल आहे. मेक्सिको शहर साधारण १९.४ अंश उत्तर अक्षांशावर आहे, मुंबई १९ अंशांवर आणि पुणे साडेअठराच्या आसपास. ते शहर सव्वादोन हजार मीटर उंचीवर असल्याने हवा वेगळी, पण दिवसाची लांबी सारखीच. दोन्हीकडे जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांच्या घरात जातो आणि डिसेंबरात अकरा तासांच्या आसपास उतरतो. पाऊसही दोन्हीकडे साधारण जून ते सप्टेंबर. झेंडूला दिवस लहान होऊ लागल्याची जाणीव होते. मोठ्या दिवसांत तो पाने-फांद्या वाढवत बसतो, दिवस आखडू लागले की कळ्या धरण्याची घाई करतो. पावसाच्या तोंडावर लावलेला झेंडू तिथे ऑक्टोबरच्या शेवटी पिकून उभा राहतो, इथे दसरा-दिवाळीला. युरोपात त्याला उन्हाळी बागेतले शोभेचे फूल व्हावे लागले. इथे मात्र त्याला आपलेच ऋतू मिळाले, आणि त्या ऋतूच्या टोकाला एक मोठा सण आधीपासूनच उभा होता. नेपाळात भाऊबीजेच्या माळांत तो बसला तोही याच दिवसांत. मेक्सिकोत हे फूल मृतांना घरी बोलावते, आपल्याकडे सीमोल्लंघनाच्या दिवशी दारावर चढते. अर्थ अगदी वेगळे, पण पंचांगातली जागा जवळपास एकच. हा योगायोग झाडाच्या स्वभावातून आला आहे, म्हणून तो मला फार मोलाचा वाटतो.

दुसरे कारण फुलाच्या घडणीत आहे. आपण ज्याला झेंडूचे एक फूल म्हणतो, तो खरे तर दाटीने बसलेल्या अनेक छोट्या फुलांचा गोंडा असतो. कोकणात आणि मुंबईत त्याला गोंडा म्हणतातच. सूर्यफूल, शेवंती, डेलिया यांचीही रचना अशीच. एक ‘पाकळी’ हळूच उपटून पाहा. तिच्या बुडाशी पांढरट, मग काळी पडत जाणारी काडी असते. ती त्या फुलाची स्वतःची बीजकोशाची जागा, म्हणजे ती पाकळी स्वतःच एक अख्खे फूल आहे. कडेच्या जिभेसारख्या फुलांना किरणपुष्पके म्हणतात, त्यांत फक्त स्त्रीकेसर असतो. मधल्या नळीसारख्या फुलांना बिंबपुष्पके म्हणतात, त्यांत स्त्रीकेसर आणि पुंकेसर दोन्ही असतात. रानटी झेंडूत किरणपुष्पके थोडी आणि मध्ये बिंबपुष्पकांची चकती असते, त्यामुळे माशी-मधमाशीला सोयीचे जाते. माणसाने शतकानुशतके निवड करत करत मधल्या नळ्यांच्या जागी जिभा आणल्या. कीटकाला हवे असलेले कमी केले आणि डोळ्याला हवे ते भरले, तेव्हा आजचा गच्च गोंडा तयार झाला.

हाच गच्चपणा हारवाल्याच्या कामाचा. जाई-जुईचा गजरा संध्याकाळी उमलतो आणि सकाळी कोमेजतो, तो तोरणात टिकणार नाही. झेंडूच्या बुडाशी हिरवी, घट्ट पेल्यासारखी वाटी असते. सुई तिच्यातून आरपार जाते, फूल विस्कटत नाही आणि ओवल्यावरही दोन-तीन दिवस रंग धरून राहते. पोत्यात, क्रेटमध्ये, टेंपोत भरून रात्रभर प्रवास केला तरी पहाटे दादरच्या फूलबाजारात किंवा पुण्याच्या मार्केट यार्डात तो विकण्याजोगा उतरतो. पुरंदर, जुन्नर, सातारा या पट्ट्यांत दसऱ्यावर नजर ठेवून लावणी होते. वैर फक्त पावसाचे. तोडणीच्या आठवड्यात परतीचा पाऊस लागला की फुले पाणी पितात, वजनाला भरतात आणि आतून काळी पडतात. ओल्या मालाला भाव मिळत नाही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी चढा असलेला दर सणाच्या दुपारी कोसळतो, आणि उरलेला ढीग परत नेण्याच्या भाड्याचीही सोय नसलेला शेतकरी तो तिथेच टाकून निघतो. दरवर्षी दिसणारे हे दृश्य सवयीचे होऊ नये असे मनापासून वाटते. त्यात आता प्लॅस्टिकच्या तोरणांची भर पडली आहे. ती वर्षानुवर्षे दारावर राहतात, म्हणून त्यांच्यावर बंदीची मागणी फूल उत्पादक करत आले आहेत, आणि ती मागणी रास्त आहे.

देव्हाऱ्याबाहेरही झेंडूचे मोठे आयुष्य आहे. त्याचा पिवळा-केशरी रंग मुख्यतः ल्युटीन या द्रव्याचा. ते जितके जास्त, तितका रंग गडद. पाकळ्या वाळवून काढलेला अर्क कोंबड्यांच्या खाद्यात घालतात, त्याने अंड्याचा बलक पिवळाधमक होतो. आपल्या डोळ्याच्या पडद्यावर मधोमध जो पिवळा ठिपका असतो, त्यातही ल्युटीन असते. उतारवयात तिथे होणाऱ्या झिजेवर अमेरिकेत झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१३मध्ये आले. त्यानंतर या रुग्णांच्या पूरक गोळ्यांत बीटा-कॅरोटीन या रंगद्रव्याची जागा ल्युटीन आणि त्याच्यासारख्याच झियाझँथिनने घेतली, आणि बाजारातले ल्युटीन बहुतेक झेंडूतूनच येते. त्यासाठी कर्नाटक, आंध्र आणि तमिळनाडूत कराराने शेती होते. चीनमध्ये ती आणखी मोठ्या प्रमाणावर चालते.

मुळांची गोष्ट तर याहून सुरस. नेदरलँड्समधल्या फुलशेतीत झेंडूनंतर लावलेल्या पिकाच्या मुळांना सूत्रकृमींचा, म्हणजे मातीतल्या सूक्ष्म जंतांचा, त्रास कमी होतो, असे लक्षात आले होते. १९५८मध्ये तिथल्याच संशोधकांनी झेंडूच्या मुळांत सूत्रकृमी मारणारे अल्फा-टर्थिएनिल हे गंधकयुक्त रसायन असल्याचे दाखवले. आपल्याकडे टोमॅटोत झेंडू लावतात तो वेगळ्या कामासाठी. फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग टोमॅटो सोडून झेंडूच्या कळ्यांवर अंडी घालतो. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने टोमॅटोच्या १६ ओळींमागे झेंडूची एक ओळ अशी शिफारस केली. भाजीच्या कडेने फुललेला झेंडू दिसला की तो शोभेसाठी आहे असे समजू नये. तो पिकाची राखण करत असतो.

बियाण्याच्या इतिहासात अमेरिकेतल्या डेव्हिड बर्पी या बियाणे व्यापाऱ्याचे नाव टाळता येत नाही. झेंडूने त्याला अक्षरशः झपाटले होते. झेंडू अमेरिकेचे राष्ट्रीय फूल व्हावे म्हणून त्याने वर्षानुवर्षे मोहीम चालवली. सिनेटर एव्हरेट डर्कसन त्याच्या बाजूने बोलत राहिले, पण १९८६मध्ये तो मान गुलाबाला गेला. शुभ्र पांढरा झेंडू आणणाऱ्याला बर्पीने १०,००० डॉलरचे बक्षीस लावले होते. ते १९७५मध्ये आयोवा राज्यातल्या अ‍ॅलिस व्हाँक या बाईंना मिळाले. प्रयोगशाळा नसताना, फिकट फुलांचे बी दरवर्षी वेगळे ठेवत त्यांनी हे साधले. शेतकरी बायका जगभर हेच करत आल्या आहेत, म्हणून हा प्रसंग मला या सगळ्या इतिहासात सर्वांत जवळचा वाटतो.

आपल्याकडेही ती रीत होती. दसऱ्याचे तोरण उतरवले की सुकलेले गोंडे फडक्यात बांधून ठेवायचे आणि मृगाच्या पावसावर तुळशीपाशी किंवा परसात चुरून टाकायचे. शेतात मात्र आता बहुधा विकतचे संकरित बी असते. हे बी तयार करताना पराग येतच नाहीत असे मादी वाण वापरतात, म्हणजे स्वपरागण होत नाही आणि प्रत्येक बी हवे तेच निघते. रोप जोमदार, फूल मोठे आणि सगळा प्लॉट एका वेळी तोडणीला. पण त्या फुलांचे बी धरून पुढच्या वर्षी पेरले, तर उंची, रंग, गोंडा सगळे पांगते, म्हणून दर हंगामाला पाकीट घ्यावे लागते. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने काढलेले पुसा नारंगी आणि पुसा बसंती हे सरळ वाण आहेत. त्यांचे बी राखता येते, पण बाजाराला एकसारखा मोठा गोंडा लागतो. मेक्सिकोतही तोच ताण आहे. कुंडीत विकली जाणारी बुटकी संकरित रोपे शहरांतून वाढली आहेत, आणि मेक्सिको शहरातल्या शोचिमिल्को भागातल्या पाण्यातल्या मळ्यांवर काही शेतकरी उंच, गावठी सेंपासुचिलचे बी हाताने निवडून पुढच्या पेरणीसाठी राखत आहेत.