वॅटचा आकडा आणि वाटणाचा पोत

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीतल्या किंवा राजारामपुरीतल्या एखाद्या दुकानात मिक्सर मागितला, की बोलणे बहुधा वॅटपासून सुरू होते: पाचशे, साडेसातशे की हजार? आता या रांगेत बाराशे ते अठराशे वॅटचे, उंच पारदर्शक भांड्याचे ब्लेंडरही येऊन बसले आहेत. आकडा मोठा म्हणजे वाटण बारीक, असा समज त्यामागे असतो. तो पूर्ण चुकीचा नाही, पण त्याच्या भरवशावर पैसे मोजावेत इतका बरोबरही नाही.

खोक्यावरचा वॅटचा आकडा मोटर विजेच्या तारेतून किती शक्ती ओढते ते सांगतो. पात्यापर्यंत किती पोहोचते ते सांगत नाही. घरगुती मिक्सरमध्ये ‘युनिव्हर्सल’ प्रकारची मोटर असते. तिच्यात तोच प्रवाह स्थिर गुंडाळीतून आणि फिरत्या गाभ्यातून, कार्बनच्या ब्रशमार्फत, एकापाठोपाठ एक जातो. ही मोटर आकाराने लहान आणि वेगाने अफाट असली, तरी घेतलेल्या विजेचा मोठा वाटा ती उष्णतेत घालवते. काही परदेशी ब्लेंडरांवर ‘पीक हॉर्सपॉवर’ असा भपकेदार आकडा छापलेला असतो. एक हॉर्सपॉवर म्हणजे 746 वॅट आणि ‘पीक’ म्हणजे क्षणभरच गाठलेली कमाल, एवढे ध्यानात ठेवले की त्या आकड्याचा रुबाब उतरतो.

या मोटरचा एक स्वभाव निवडीच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. भांडे रिकामे असताना ती मिनिटाला अठरा ते वीस हजार फेरे घेते. सहा सेंटिमीटर व्यासाच्या पात्याचे टोक त्या वेळी ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास धावत असते. घट्ट वाटण आडवे आले की वेग झपाट्याने खाली येतो, मोटर जास्त प्रवाह ओढून जोर वाढवते, आणि त्याच दांड्यावर बसवलेला थंड करणारा पंखाही नेमका याच वेळी मंदावतो. मोटर जळते ती अशा वेळी. जास्त वॅटच्या मोटरचा खरा फायदा येथे आहे: रिकाम्या भांड्यातला वेग लहान-मोठ्या दोन्ही मोटरींचा सारखाच असू शकतो, पण भरल्या भांड्यात मोठी मोटर कमी दबते. भारतीय मिक्सरचा जन्मच या अडचणीतून झाला. 1960च्या दशकात सत्यप्रकाश माथुर या अभियंत्याच्या घरातील जर्मन बनावटीच्या मिक्सरची मोटर भारतीय वाटणापुढे जळाली आणि त्यातून पुढे ‘सुमीत’ मिक्सर तयार झाला.

मोटर कितीही दमदार असली, तरी दाणा पात्यासमोर यायला हवा, आणि ते काम भांड्याचे आहे. पाते फिरू लागले की पातळ पदार्थ त्याच्याबरोबर गोल फिरतो, मध्यभागी भोवरा पडतो आणि भोवरा फार खोल गेला तर पात्याभोवती हवेचा कप्पा तयार होतो. मग मोटर किंचाळते, पाते हवेतच फिरते आणि वाटण कडेला निवांत चिकटून राहते. स्टीलच्या भांड्याच्या आतल्या उभ्या पट्ट्या शोभेसाठी नसतात; त्या गोल फिरणारा प्रवाह मोडून पदार्थाला पुन्हा मध्यभागी, पात्यावर ढकलतात. उच्च शक्तीच्या ब्लेंडरला चौकोनी घडणीचे भांडे आणि वरून ढकलायला दांडका देतात तो याचसाठी. त्यांची पाती बहुधा बोट कापण्याइतकी धारदार नसतात, हे पाहून अनेकांना फसवणुकीची शंका येते. पण तेथे कापण्यापेक्षा आदळणे आणि घासणे अधिक घडते.

दाणा जितका लहान, तितका तो प्रवाहाबरोबर वाहत पात्याला बगल देतो. याचे सर्वांत गाजलेले उदाहरण स्वयंपाकघरातले नसून प्रयोगशाळेतले आहे. 1952 साली आल्फ्रेड हर्शी आणि मार्था चेस यांनी विषाणू चिकटलेले जिवाणू चक्क ब्लेंडरमध्ये फिरवले. विषाणूंची रिकामी आवरणे सुटून वेगळी झाली, पण जिवाणू शाबूत राहिले, आणि आनुवंशिकतेचा वाहक डीएनए असल्याचा भक्कम पुरावा त्यातून मिळाला. एक-दोन मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जिवाणूला ब्लेंडरने काही होत नसेल, तर जेमतेम एक मिलिमीटरच्या खसखशीने आपल्याला छळावे यात नवल नाही.

पांढऱ्या रश्श्याचे वाटण ही म्हणूनच मिक्सरची खरी परीक्षा आहे. खसखस, तीळ, काजू आणि ओले खोबरे यांत खसखस सर्वांत चिवट. कोरडी टाकली तर ती पात्याखाली जाऊन बसते किंवा झाकणाला चिकटते. भिजवली की दाणा मऊ होतो, हे एक. दुसरे, पाणी आधी बेताने घालून घट्ट वाटायचे आणि मग पातळ करायचे, हा घरोघरचा रिवाज भौतिकशास्त्राला धरून आहे. पदार्थाच्या थरांमधील घर्षणाचा ताण त्याच्या घट्टपणाच्या प्रमाणात वाढतो. पातळ पाण्यात दाणे एकमेकांपासून दूर तरंगतात, घट्ट वाटणात एकमेकांवर घासले जातात. जिभेला साधारण तीस मायक्रॉनपेक्षा मोठे कण रवाळ लागतात. रश्श्याचा गुळगुळीतपणा ठरतो तो या हद्दीत. येथे मोठा ब्लेंडर सरस ठरतो खरा, पण त्याचे भांडे बहुधा दोन लिटरचे असते आणि चौघांच्या रश्श्याला लागणारे वाटण असते वाटीभर. ते रुंद तळाशी पसरते, पात्यांना लागतच नाही. वाटीभर वाटणाला साडेसातशे वॅटचा मिक्सर आणि त्याचे चटणीचे लहान भांडे हेच योग्य आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

उष्णतेचा हिशोब फारसा कोणी करत नाही. पात्याने पदार्थाला दिलेली जवळजवळ सगळी शक्ती शेवटी उष्णताच होते. पात्यापाशी पाचशे वॅट पोहोचत असतील, तर एक लिटर पाण्याचे तापमान मिनिटाला सुमारे सात अंशांनी वाढते. काही ब्लेंडर गॅसशिवाय सूप गरम करतात त्यामागे वेगळी शेगडी नसून हेच घर्षण असते. कांदा-लसूण चटणीला मात्र ही ऊब मानवत नाही. सुक्या खोबऱ्यात वजनाच्या निम्म्याहून अधिक तेल असते. उष्णतेने ते सुटते, चटणीचा गोळा होतो आणि मसाल्याचा वास चटणीत राहण्याऐवजी स्वयंपाकघरभर होतो. त्यासाठी थांबत थांबत, पल्सवर फिरवावे; उन्हाळ्यातली वर्षाची चटणी तर मसाला कुटून देणाऱ्या डंकावरच न्यावी. अनेक मिक्सरच्या माहितीपत्रकात ‘30 मिनिटे’ असे रेटिंग असते. त्याचा अर्थ सलग अर्धा तास नव्हे, तर पाच मिनिटे चालवून दोन मिनिटे विश्रांती, अशा टप्प्यांनी अर्धा तास.

बारीकपणा चवही बदलतो. लसणाच्या पेशी फुटल्या की अ‍ॅलिनेज हे विकर लसणातल्याच अ‍ॅलिइन या घटकावर काम करते आणि तिखट वासाचे अ‍ॅलिसिन तयार होते. जितक्या पेशी फुटतील तितका लसूण उग्र. खर्डा मिक्सरमध्ये गंधासारखा वाटला तर तो वेगळाच पदार्थ होतो, आणि कोणत्याही वॅटची मोटर तो परत जाडसर करून देणार नाही.

पालेभाज्यांचे गाळावे न लागणारे पेय, बर्फ, गोठवलेली फळे, बदामाचे दूध किंवा मोठ्या कुटुंबासाठी लिटरभर नारळाचे दूध हे रोजचे असेल, तर उच्च शक्तीच्या ब्लेंडरवरचा खर्च सार्थकी लागतो. गरम सूप मात्र त्यात निम्म्यापेक्षा जास्त भरू नये, कारण वाफेचा दाब झाकण उडवतो. कोरडे दळण करायचे असल्यास स्वतंत्र भांडे मिळते का ते विचारावे. पातळ पदार्थाचे पाते माल खाली ओढते, तर कोरड्याचे तो वर फेकते.

वीजबिलाची चिंता करू नये. पंधराशे वॅटचे यंत्र दहा मिनिटे चालले तरी पाव युनिट होते. चिंता करावी ती प्लगची: 230 व्होल्टवर हे यंत्र साडेसहा अँपिअर ओढते आणि ओट्यावरचे नेहमीचे बारीक सॉकेट सहा अँपिअरचे असते, म्हणून सोळा अँपिअरची जोडणी आधी करून घ्यावी. मोटरची गुंडाळी तांब्याची आहे का, हेही विचारावे, कारण अ‍ॅल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या सुमारे 61 टक्केच असते. जास्त भार आला की मोटर बंद करणारे तळाचे लाल ओव्हरलोड बटण, बदलता येणारे कार्बन ब्रश आणि मोटरला भांड्यातल्या पात्याशी जोडणारा कपलर दुकानदाराने हातात घेऊन दाखवावेत. कपलर मुद्दाम मऊ ठेवलेला असतो. पाते अडकले की तो आधी तुटतो आणि मोटर वाचते. साध्या मोटरची गुंडाळी जळाली तर कोल्हापूरच्या उद्यमनगरात ती पुन्हा भरून मिळू शकते. इलेक्ट्रॉनिक पाटीवर (सर्किट बोर्डवर) चालणाऱ्या महागड्या ब्लेंडरची पाटी गेली, तर ती कंपनीकडूनच मागवावी लागते, आणि ती किती दिवसांत येते हे बिल करण्यापूर्वी विचारलेले बरे.