पशुशुश्रूषा (गुरे व घोडे)

आजारी, जखमी, शस्त्रक्रिया झालेल्या किंवा नुकत्याच व्यालेल्या जनावराची पशुवैद्यकाच्या सल्ल्याने घेतली जाणारी देखभाल. निदान व औषधयोजना पशुवैद्यकाकडे असते. ताप-नाडीची नोंद, जखमेची मलमपट्टी, वैरण-पाणी, बिछाना, कूस बदलणे आणि संसर्ग आवरणे ही शुश्रूषेची कामे. कुत्र्या-मांजरांपेक्षा ती वेगळी पडते ती मुख्यतः रुग्णाच्या वजनामुळे. चारशे-पाचशे किलोचे जनावर एकाच कुशीवर पडून राहिले, की मूळ आजाराला उतार पडत असतानाही अंगाच्या भाराखाली स्नायू आणि मज्जातंतू निकामी होऊ लागतात.

दुग्धज्वरात हे ठळकपणे दिसते. भरपूर दूध देणारी गाय व्याल्यावर बहुधा पहिल्या तीन दिवसांत तिच्या रक्तातले कॅल्शियम घटते. कान गार पडतात, मान पोटाकडे वळते आणि गाय बसते ती उठत नाही. नावात ज्वर असला तरी ताप नसतो. पशुवैद्यक शिरेतून कॅल्शियम सावकाश देतो, कारण घाई झाल्यास हृदय बंद पडू शकते. त्यानंतरही ती उठली नाही तर खरी शुश्रूषा सुरू होते. गायीला छातीवर बसती ठेवून दोन्ही अंगांना पेंढ्याचे भारे लावतात, खाली जाड मऊ बिछाना घालतात आणि दर चार-सहा तासांनी कूस बदलतात. ती सपाट आडवी झाली तर पोटातला वायू ढेकरेवाटे निघत नाही व पोट फुगते. या अवस्थेत तिला नीट गिळताही येत नाही. बळेच पाजलेला काढा किंवा तेल फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो. बांबूच्या नळीने पाजण्याची सवय गावोगावी आहे, आणि सहज टाळता येण्याजोगा इतका घातक अपघात शुश्रूषेत क्वचितच दुसरा असेल.

निरोगी गायीचे तापमान साधारण ३८ ते ३९.३° से. आणि नाडी मिनिटाला ५० ते ८० असते. घोड्याचे आकडे ३७.५ ते ३८.५° से. आणि २८ ते ४४. तापमापक गुदद्वारात धरतात. नाडी गायीच्या शेपटीखाली, तर घोड्याच्या जबड्याखाली लागते. गायीच्या डाव्या भकाळीवर (बरगड्यांमागच्या खळगीवर) मूठ दाबून धरली तर मिनिटाला एक-दोनदा पोटाची हालचाल हाताला जाणवते. रवंथ पुन्हा सुरू होणे हे सुधारणेचे चांगले लक्षण मानतात.

घोड्याला ओकता येत नाही. त्यामुळे पोटशुळात तुंबलेले जठर फुटण्याचा धोका असतो. चारा-दाणा तत्काळ काढून घेतात आणि नाकातून जठरात नळी घालण्याचे काम पशुवैद्यकावर सोडतात. लीद कधी व किती पडली याची नोंद ठेवतात. लोळणाऱ्या घोड्याला सावकाश फिरवणे ठीक; पण तो शांत पडला असेल तर त्याला उगाच उठवून दमवू नये. धनुर्वाताला घोडा फार लवकर बळी पडतो. अशा रुग्णाला अंधाऱ्या, निवांत पागेत ठेवतात आणि मान ताठल्यामुळे खाणे-पाणी उंचावर मांडतात.

घोड्याच्या एका पायाला दुखापत झाली की दुसऱ्यावर भार येऊन त्याच्या खुराच्या आतील ऊती सुजतात व सुटतात. अमेरिकेतील शर्यतीचा घोडा बार्बारो याचा मागचा उजवा पाय मे २००६ मध्ये मोडला. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या रुग्णालयात शस्त्रक्रिया होऊन कित्येक महिने उत्तम शुश्रूषा मिळाली. तरी खुरांच्या या विकाराने इतर पायांनाही ग्रासले आणि जानेवारी २००७ मध्ये त्याला दयामरण द्यावे लागले.

लाळ्या-खुरकुतात तोंड सौम्य पोटॅशियम परमँगनेटने धुतात, खुरांच्या बेचक्यातल्या जखमांवर माशी बसू देत नाहीत आणि मऊ खाणे देतात. २०२२ मध्ये महाराष्ट्रात लम्पी हा गुरांचा विषाणूजन्य त्वचारोग पसरला तेव्हाही आजारी जनावर वेगळे बांधणे, गोचीड-माश्या आवरणे आणि गाठी फुटल्यावर जखमा साफ ठेवणे यावरच बरेच अवलंबून होते.

महाराष्ट्रातील पशुवैद्यकीय दवाखान्यांत हे काम व्रणोपचारक (मलमपट्टी करणारे) व परिचर करतात. भारतीय सैन्याच्या रिमाउंट व्हेटर्नरी कोअरमध्ये (सैन्यातील जनावरांची देखभाल करणाऱ्या दलात) ते ड्रेसर करतात. परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयातून १८८६ पासून पशुवैद्यक घडत आले. रात्रीची राखण मात्र बहुतेक ठिकाणी घरच्यांच्याच वाट्याला येते.

शुश्रूषा करणाऱ्यालाही धोका असतो. गाभ टाकलेल्या गायीची वार (गर्भाचे वेष्टन) उघड्या हाताने हाताळल्यास ब्रुसेलोसिस हा जनावरांकडून माणसाला होणारा जिवाणूजन्य रोग होऊ शकतो. लाळ गाळणाऱ्या, गिळू न शकणाऱ्या जनावराच्या घशात काही अडकले असेल म्हणून हात घालतात. पण ते जनावर पिसाळलेले असण्याची शक्यता आधी पडताळावी लागते. लाळ जखमेला लागलीच तर ती जागा पंधरा मिनिटे साबणाच्या पाण्याने धुऊन लगेच रेबीजची लस घ्यावी.